नायिकेची आठवण कोण ठेवतं?

(तुर्भे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते सर मुलांच्या हातातलं कुठलंही पुस्तक हलकं मानत नसत, असं मला इथल्या अनेकांनी सांगितलं. त्याच भरवशावर मी आज चित्रकथांविषयी बोलणार आहे. पराक्रमी नायिका, त्यांना लिहिणारे लेखक आणि त्या नायिकांवर जीव टाकणारे वाचक, यांच्यातल्या एका जुन्या भांडणाविषयी. मी या भांडणात वाचकांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

१९८० सालच्या ऑक्टोबरमधला ‘अ‍ॅव्हेंजर्स’ या अमेरिकी मालिकेचा दोनशेवा अंक घ्या. त्यात कॅरल डॅनव्हर्स आहे, म्हणजे मिस मार्व्हल. हवाई दलातली माजी अधिकारी, नंतर एका मासिकाची संपादक, आणि उडता येणारी, भिंती फोडणारी नायिका. या अंकात तिला अचानक दिवस जातात, काही दिवसांतच बाळ जन्मतं आणि बघता बघता त्याचा तरुण पुरुष होतो. तो तिला सांगतो की काळापलीकडच्या प्रदेशात मी तुला नेलं, यंत्रांच्या मदतीने तुझं मन वळवलं आणि तुझ्याच पोटी जन्म घेतला. हे ऐकून कॅरल काय करते? त्याच्याबरोबर निघून जाते. जगाला वाचवणारे तिचे सहकारी तिला हसतमुखाने निरोप देतात, आणि कथा या सगळ्याला प्रेम म्हणते. चार जणांनी मिळून हे कथानक रचलं होतं. चौघेही पुरुष होते.

वाचकांपैकी कॅरल स्ट्रिकलंड या बाईंनी त्यावर सविस्तर लेख लिहिला आणि जे घडलं त्याला बलात्कार हा शब्द वापरला. क्रिस क्लेरमाँट या लेखकाने आधी मिस मार्व्हलची स्वतंत्र मालिका लिहिलेली होती, तोही अस्वस्थ झाला. १९८१ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ वार्षिक अंकात त्याने कॅरलला परत आणलं आणि शेवटच्या पानांवर तिला सहकाऱ्यांसमोर उभं केलं. तिथे ती त्यांना बोल लावते. माझ्या मनाविरुद्ध काय चाललं होतं हे तुमच्यापैकी एकालाही दिसलं नाही, तुम्ही मला जाऊ दिलं, असा तिचा रोख आहे. ऐकणारे खाली माना घालून उभे आहेत. चित्रकथांच्या इतिहासात इतकी थेट दुरुस्ती फार थोड्या वेळा झाली आहे. आधीचा अंक रद्द करता येत नव्हता, तो छापून गेला होता. पण त्यातला अन्याय हा अन्याय होता, एवढं कथेतच नोंदवलं गेलं.

आता मुद्दा सांगते. कादंबरीला एक लेखक असतो, मालिकेला नसतो. ‘वंडर वुमन’ १९४१ मध्ये जन्मली. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन १९४७ मध्ये वारला, आणि तिच्या नावाचे अंक आजही निघतात. दर काही वर्षांनी लेखक बदलतो, चित्रकार बदलतो, संपादक बदलतो. प्रत्येक नवा माणूस आपली कल्पना घेऊन येतो. त्याने मागचं सगळं वाचलेलं असतंच असं नाही आणि पुढे तो राहणारही नसतो. मग त्या नायिकेचं सलग आयुष्य कोणाजवळ असतं? फक्त वाचकाजवळ. तुमच्या तुर्भ्याच्या बाजारात गाळ्याचा मालक बदलला, दलाल बदलला, तरी वर्षानुवर्षं माल उचलणाऱ्या माथाड्याला कुठला माल कोणत्या गावाहून येतो ते पाठ असतं, तसं हे आहे. तिने काय सोसलं, काय कमावलं, कोणाला वाचवलं हे वाचकाला पाठ असतं. म्हणून एखादा लेखक जेव्हा तिला एका अंकात मूर्ख करतो, दुबळी करतो, किंवा दुसऱ्याला रडू यावं एवढ्यासाठी मारून टाकतो, तेव्हा वाचक चिडतो. लोकांना तो हट्ट वाटतो. मला ती स्मरणशक्ती वाटते.

वंडर वुमनचंच पाहा. १९४२ मध्ये तिला ‘जस्टिस सोसायटी’ या वीरांच्या मंडळात घेतलं, आणि काम दिलं चिटणिसाचं. पुरुष मंडळी युद्धावर निघाली की ही टिपणं सांभाळायला मागे राहायची. ती अंगबळात त्यांच्यापैकी बहुतेकांना भारी होती. मार्स्टनच्या स्वतःच्या कथांत ती शत्रूच्या गोटात घुसत होती आणि दुसऱ्या लेखकाच्या हाती गेल्यावर वही घेऊन बसत होती. एकच बाई, एकाच वर्षी. पुढे १९६८ मध्ये तिची शक्तीच काढून घेतली. तिने पोशाख टाकला, कपड्यांचं दुकान काढलं. लेखक डेनी ओ’नील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांना वाटलं की आपण तिला आधुनिक करतो आहोत. स्त्रीमुक्तीच्या चळवळीत पुढे असलेल्या ग्लोरिया स्टायनम यांनी लहानपणी हीच नायिका वाचली होती. त्यांना हे पटलं नाही. १९७२ च्या जुलैमध्ये त्यांच्या ‘मिज’ मासिकाचा नियमित अंक सुरू झाला तेव्हा मुखपृष्ठावर वंडर वुमन होती, जुन्या पोशाखात, पूर्ण शक्तीनिशी. १९७३ मध्ये तिची शक्ती परत आली.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे बोरीबंदर होतं. व्ही.टी.समोरच्या टाइम्सच्या इमारतीतून मार्च १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली. इंग्रजीबरोबर हिंदी, बंगाली, मराठी अशा भाषांत निघाली, १९९० पर्यंत चालली, आणि ८०० हून अधिक अंक झाले. माझे वडील तेव्हा मस्जिद बंदरच्या दाणाबाजारात ओझी वाहत. पुढे तो बाजार इकडे तुर्भ्याला आला आणि आमच्यासारखी कितीतरी घरं त्याच्यामागून आली. रद्दीतून आलेले, मुखपृष्ठ फाटलेले इंद्रजालचे अंक ते घरी आणायचे. वेताळ, जादूगार मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन. आम्हा बहिणींना मात्र वेताळाची प्रेयसी डायना पामर हवी असायची.

डायना ली फॉकच्या वेताळकथेत १९३६ पासून, अगदी पहिल्या कथेपासून आहे. ऑलिंपिकमध्ये सूर मारणारी जलतरणपटू, पुढे संयुक्त राष्ट्रांत काम करणारी परिचारिका. असं शिक्षण, असं धाडस, असा पासपोर्ट आमच्या चाळीत कोणाकडे नव्हता. पण अंकामागून अंक तिला पळवून नेलं जायचं. कधी चाचे, कधी एखादा सुलतान, कधी वेड लागलेला कुणी श्रीमंत. वेताळ यायचा, गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटायचा, डायना सुटायची. ऑलिंपिकची खेळाडू दोरीचं साधं टोक शोधत नाही, हे आम्हाला सहन व्हायचं नाही. थोरली बहीण म्हणायची, हिला पोहता येतं ना, मग ही बोटीवरून उडी का मारत नाही? या प्रश्नाला अजूनही उत्तर नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. टाइम्सच्या संपादकांनी वेताळाच्या कथा जशाच्या तशा छापल्या नाहीत. मूळ कथेतल्या देशाचं नाव बंगालशी जुळत होतं, ते बदलून डेंकाली केलं. ‘सिंग’ चाच्यांचं ‘सिंगा’ केलं, कारण सिंग आडनावाच्या लोकांना ते लागलं असतं. म्हणजे वाचकाच्या भावना दुखावतील याची काळजी होती आणि त्यासाठी नावं बदलायची तयारीही होती. योग्यच होतं ते. पण आमच्यासारख्या मुलींनाही काही लागत असेल हे त्या खोलीत कोणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. डायना बांधलेलीच राहिली.

इंद्रजाल बंद पडून बरीच वर्षं लोटल्यावरसुद्धा तिचे हाल संपले नाहीत. फॉक १९९९ मध्ये गेले. २००९ मध्ये टोनी डीपॉल या लेखकाने डायनाच्या मृत्यूचं कथानक सुरू केलं. ती स्फोटात गेली असं वेताळाला वाटतं, प्रत्यक्षात ती ऱ्होडिया या कथेतल्या देशाच्या एका तुरुंगात असते. रोज छापून येणाऱ्या पट्टीत ही कथा २०११ पर्यंत चालली. वाचक अस्वस्थ झाले, चिडले. डीपॉल चांगला लेखक आहे आणि तुरुंगातल्या डायनाला त्याने कणखर दाखवलं, हे मान्य केलं पाहिजे. तरी त्या कथेचा भार वेताळाच्या शोकावर आहे, आणि त्यासाठी आधी डायनाला मेलेली ठरवावं लागलं.

पराक्रमी बाई आपल्या लोकांना चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी १९३५ ची आठवण देईन. परळच्या वाडिया मूव्हीटोनने त्या वर्षी ‘हंटरवाली’ काढला. त्यात नादिया ही नटी घोड्यावर बसून, हातात चाबूक घेऊन गुंडांना झोडपत होती, आणि उड्या स्वतःच मारत होती. चित्रपटाला नाव तिचं, कथा तिची. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि पुढची कित्येक वर्षं नादियाचे चित्रपट चालले. प्रेक्षक तयार होता.

नायिकेच्या बाजूने लेखकाशी भांडण्याची रीत अमेरिकेतून आली असंही कोणी समजू नये. आपल्या आज्या हे जात्यावर बसून करत आल्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या घरात. त्यात सीतेच्या वनवासाच्या ओव्या केवढ्या तरी आहेत. दळणाऱ्या बाईला रामकथा पोथीतून, कीर्तनातून मिळालेली होती. लिहिणारे, सांगणारे सगळे पुरुष. गरोदर सीतेला रानात सोडलं, हे त्यांनी राजधर्म म्हणून सांगितलं. जात्यावरच्या बाईने ते ऐकून घेतलं आणि पहाटे आपल्या ओवीत विचारलं की तिला रानात कोणी पाणी दिलं, बाळंतपण कोणी केलं, पाळणा कशाचा केला. ताराबाई भवाळकरांनी ‘सीतायन’मध्ये लोकपरंपरेतली ही सीता आपल्यासमोर ठेवली आहे. ज्यांना या विषयात पुढे जायचं आहे त्यांनी ते पुस्तक वाचावं.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, आणि त्यात राम नाही. गावात सांगतात की लवकुशांच्या जन्मानंतर सीतेने घरोघर मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, म्हणून तिने शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. पडीक झालेलं हे देऊळ शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या बायकांसाठी पुन्हा उभं केलं. गव्हाची पोती रोज उचलणाऱ्या गावात मी ही गोष्ट सांगते आहे, तेव्हा ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्या गोष्टीत सीता रागावते. पोथीने जो राग तिला दिला नव्हता तो ऐकणाऱ्यांनी तिला दिला.

मघाच्या क्लेरमाँटने कॅरलला बोलायला लावलं ते हेच काम होतं, म्हणून मला त्या दोन गोष्टी एका ओळीत ठेवताना संकोच वाटत नाही.

आता बार्बरा गॉर्डन. माझी सगळ्यात आवडती. १९६७ च्या आरंभी ती बॅटगर्ल म्हणून आली. ती गॉथम शहराच्या ग्रंथालयाची प्रमुख आहे, तिने पीएच.डी. केली आहे. दिवसा पुस्तकं, रात्री गुंड. ग्रंथपाल नायिका जगात किती असतील! १९८८ मध्ये अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांचं ‘द किलिंग जोक’ आलं. जोकर दार वाजवतो, ती उघडते, तो तिच्यावर गोळी झाडतो आणि जखमी अवस्थेत तिची विटंबना करतो. हेतू एवढाच की तिच्या पोलीस आयुक्त बापाला वेड लागावं. तिला लढायला एक चौकटही दिलेली नाही. कथा बापाची आहे, बॅटमनची आहे, जोकरची तर आहेच. जिच्या पाठीचा कणा मोडला तिची तेवढी नाही. बोलंडची चित्रं अप्रतिम आहेत, आणि त्यामुळेच ते पुस्तक अजून खपतं. मूर यांनी स्वतः पुढे या कथेबद्दल नापसंती बोलून दाखवली.

नायिकेला इजा होऊच नये असं माझं म्हणणं नाही. पराक्रमाच्या कथेत माणसं जखमी होणारच. १९९३ मध्ये बॅटमनचाही कणा मोडला. पण ती त्याची स्वतःची कथा होती. तो पडला कसा, खचला कसा, उठला कसा हे अंकामागून अंक सांगितलं गेलं आणि साधारण वर्षभराने तो परत उभा राहिला. बार्बरा दोन दशकांहून जास्त काळ चाकाच्या खुर्चीत राहिली. एकाच शहरात, एकाच प्रकाशकाकडे.

आणि तरी पुढे जे झालं ते फार मोलाचं आहे. किम येल ही लेखिका आणि तिचा नवरा जॉन ऑस्ट्रँडर यांना बार्बराची ही वासलात सहन झाली नाही. प्रकाशकाला तिची आता गरज नव्हती, म्हणून त्यांनी तिला आपल्या ‘सुइसाइड स्क्वॉड’ मालिकेत घेतलं. १९८९ मध्ये ‘ऑरॅकल’ या नावाने ती परत आली. खुर्चीत बसून, संगणकासमोर, सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी. ग्रंथपाल होती, तिचं ज्ञान कोणी काढून घेऊ शकलं नव्हतं, हे या दोघांनी लक्षात ठेवलं. बॅटगर्ल म्हणून ती जेवढी मोठी होती त्याहून ऑरॅकल म्हणून मोठी झाली. अपंग वाचकांना आपली म्हणावी अशी नायिका मिळाली.

१९९९ मध्ये गेल सिमोन नावाच्या वाचक बाईने एक यादी केली. नायकाच्या कथेला धार यावी म्हणून मारलेल्या, मोडलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या स्त्रियांची. त्या यादीला तिने दिलेलं नाव १९९४ च्या एका ‘ग्रीन लँटर्न’ कथेवरून आलं. त्यात नायक घरी येतो आणि त्याच्या मैत्रिणीचं प्रेत शीतकपाटात कोंबलेलं सापडतं. सिमोन तेव्हा केस कापण्याचं काम करायची. यादी वाचून लेखक मंडळी अस्वस्थ झाली, काहींनी प्रामाणिक उत्तरं दिली. पुढे सिमोन स्वतःच लेखिका झाली. २००३ मध्ये तिने ऑरॅकलची मालिका हाती घेतली, मग ‘वंडर वुमन’.

पण २०११ मध्ये प्रकाशकाने सगळ्या मालिका नव्याने सुरू केल्या आणि बार्बराला पुन्हा चालतं करून बॅटगर्ल केलं. लिहायला सिमोनच होती. यावेळी अपंग वाचक दुखावले. वीसेक वर्षं जी आमची होती ती एका फटक्यात काढून घेतली, असं ते म्हणाले. मी कोणाची बाजू घेऊ? तिच्यावर झालेला अन्याय दूर व्हावा असं मलाही वाटत होतं. पण तोपर्यंत ऑरॅकल ही अन्यायाची खूण राहिली नव्हती, ती तिची कमाई झाली होती. माझं मत त्या वाचकांच्या बाजूने झुकतं. सिमोनने त्या दुखावलेल्यांचं ऐकून घेतलं, उडवून लावलं नाही, म्हणून तिच्याबद्दलचा माझा आदर कमी होत नाही.

वाचकांचा प्रत्येक राग चांगला असतो असं मात्र नाही. २०१६ मध्ये चेल्सी केन या कादंबरीकार बाईंनी ‘मॉकिंगबर्ड’ या नायिकेची मालिका लिहिली. शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायिकेच्या सदऱ्यावर स्त्रीवादाचा उल्लेख होता, एवढ्यावरून त्यांना शिवीगाळ इतकी झाली की त्यांनी ट्विटर सोडलं. शिव्या देणारेही स्वतःला चाहतेच म्हणवत होते. फरक सोपा आहे. स्ट्रिकलंड यांनी कॅरलचे अंक उघडून दाखवले आणि त्यांतला अन्याय दाखवला. केन यांना शिव्या देणाऱ्यांना मॉकिंगबर्डशी देणंघेणं नव्हतं, त्यांचं भांडण लिहिणाऱ्या बाईशी होतं.

अगदी अलीकडचं उदाहरण तरुण मुलींना ठाऊक असेल. कमला खान. जर्सी सिटीतली, पाकिस्तानी आईबापांची मुलगी, जी कॅरलला आदर्श मानते. जी. विलो विल्सन यांनी २०१४ मध्ये तिची स्वतंत्र मालिका सुरू केली आणि आपल्याकडच्याही कितीतरी मुलींना तिच्या घरातला धाक आणि माया ओळखीची वाटली. २०२३ मध्ये तिला मारलं. तिच्या मालिकेत नाही, स्पायडरमॅनच्या एका अंकात. त्यातही ती स्वतःच्या रूपात नाही, स्पायडरमॅनच्या मेरी जेनचं रूप घेऊन मेली. दोनेक महिन्यांत ती जिवंत झाली, पण त्याने समाधान होत नाही. नायिकेला पाहुणी म्हणून बोलवायचं आणि यजमानाच्या दुःखासाठी मारायचं, ही सवय बार्बराच्या काळापासून गेलेली नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्या देशातलं आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘प्रियाज शक्ती’ ही चित्रकथा आली. राम देविनेनी हे तिच्या निर्मात्यांपैकी एक. अत्याचार सोसलेली प्रिया वाघावर बसून परत गावात येते. तिच्यावर जे झालं ते कोणा भावाच्या, नवऱ्याच्या सूडाला कारण म्हणून येत नाही. पुढे काय करायचं ते तीच ठरवते.

शेवटी बेलाविषयी. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. डाकूचा मुलगा, जीन्सवर कुर्ता, आपल्या मातीतला पहिला असा नायक. त्याच्याबरोबर बेला होती. दोन हात करायला शिकलेली, देखणी, न घाबरणारी. डायनाची सगळी भरपाई आम्ही बेलाकडून मागितली. काही अंकांत तिने ती दिलीही, आणि त्या पानांचे कोपरे आमच्या बोटांनी झिजले. पण मालिका बहादूरची होती. इंद्रजाल संपलं तेव्हा बेलाही संपली. तिच्यासाठी भांडायला आमच्याकडे ना स्ट्रिकलंड यांच्यासारखी लिहिण्याची सवय होती, ना ऐकून घेणारा क्लेरमाँट.

इथे बसलेल्यांपैकी कोणाला चित्रकथा काढायची असेल, आणि अशी मुलं या वस्तीत आहेत हे मला माहीत आहे, तर त्यांनी बेलासारख्या नायिकेपासून सुरुवात करावी. ती पहाटे किती वाजता उठते, सराव कुठे करते, आईला काय सांगून बाहेर पडते, मारामारीत तिचा हात मोडला तर दुसऱ्या दिवशी कामावर कशी जाते, हे आधी ठरवावं. आणि तिला कोणी पळवून नेलंच, तर सुटकेचं पान तिला द्यावं. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर हवं.